एकाहत्तर गुणांची कॉफी

चिखलदऱ्याच्या उतारावरील कासदेकरांच्या मळ्यातल्या कॉफीला एकाहत्तर गुण मिळाले. ऐंशीच्या खाली गेलेल्या मळ्यात माणसाने फळ तोडू नये, असा कंपनीचा नियम होता. इ. स. २०६१ मध्ये चवीचा निवाडा चवमापी (चवीचे आणि वासाचे रेणू मोजणारे यंत्र) करीत असे. जिभेला साक्षीपुरताही अधिकार उरला नव्हता.

"झाडे तीच, माती तीच," बारा वर्षांची सुमरती कासदेकर म्हणाली. "मग यंत्राला कॉफीत मोहाचा वास कसा आला?"

"हाताने तोडली की असेच होणार," कंपनीचे पर्यवेक्षक देवस्थळी म्हणाले. "पुढच्या महिन्यात तोडणीयंत्रे येतील. नियमात नव्या दाण्यांची एक फेरतपासणी आहे म्हणा. ती कोणी मागत नाही."

"मी मागते."

तिचे आजोबा मोतीराम आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवून गावी परतले होते. त्यांनी एवढेच विचारले, "दाणे वाळवलेस कशावर?"

"आपल्या बांबूच्या तट्ट्यावर."

"उन्हाळ्यात त्यावर काय वाळते?"

सुमरतीने तट्टा हुंगला. दर चैत्रात त्यावर मोहाची फुले पसरलेली असत.

"न भाजलेला दाणा शेजारचा वास शोषून घेतो. यंत्र खोटे बोलले नाही, पोरी. कारण मात्र देवस्थळींनी त्याच्या तोंडी घातले."

दुसऱ्या दिवसापासून तिने नव्याने आरंभ केला. हिरव्या फळात साखर कमी, म्हणून त्याची कॉफी तुरट. अतिपक्व फळ झाडावरच आंबू लागते. बोटांनी दाबताच ज्यातून बी सुळकन निसटे, तेवढेच लाल फळ ती घेई. साल काढल्यावर बीभोवती चिकट गर राहिला. त्याचे किण्वन (सूक्ष्मजीवांनी साखर खाऊन पदार्थ आंबवणे) दिवसभर होऊ दिले. बी चोळल्यावर खरखरीत लागली तेव्हा लगेच धुतली. आणखी थांबली असती, तर कॉफी आंबूस झाली असती. मग उंच बांधलेल्या स्वच्छ जाळीवर पातळ थर.

देवस्थळी आले. "भट्टीत आठ तासांत वाळेल की."

"बाहेरून वाळेल साहेब, आत ओल राहील. मग बुरशी."

"मुदत चार आठवड्यांची आहे, मुली."

"तीन पुरतील," असे म्हणून ती पुन्हा जाळीवरचे दाणे खालीवर करू लागली.

विसाव्या दिवशी दाण्यात अकरा टक्के ओल उरली. आजोबांनी ते भाजले. फेरतपासणीला सुमरतीने यंत्राच्या पडद्यावर फडके टाकले आणि पेला देवस्थळींपुढे सरकवला.

"आधी तुम्ही."

त्यांनी घोट घेतला. मग दुसरा. तिने फडके काढले. शहाऐंशी.

"यंत्रात बिघाड असावा," ते म्हणाले.

"तर मग एकाहत्तरही खोटे, तोडणीयंत्रे आणायचा आधारच गेला," आजोबा शांतपणे म्हणाले. "आणि बिघाड नसेल, तरीही गेला. यातले कोणते लिहिता?"

देवस्थळींनी शहाऐंशीखाली सही केली. दाराशी ते थबकले. "त्या तोडणीयंत्रांना हे शिकवता येईल?"

"येईल," सुमरती म्हणाली. "पण शिकवणार आम्ही, आमच्या मळ्यात. वरच्या फांद्यांवर फळे अजून हिरवी आहेत. यंत्रांना आधी थांबायला शिकवू."