व्हॅनखालचं पाणी

‘हात नंतर घाल रे, आधी ऐक तरी गाडी काय म्हणते,’ असं माझा उस्ताद म्हणायचा. त्याला जाऊन वीस वर्षं झाली, तरी इंजिनावर वाकलो की तो आवाज कानाशी येतो. म्हणून शिरगावची हिरा आपली मासळीची जुनी व्हॅन घेऊन पामच्या फाट्यावर माझ्या गॅरेजात आली, तेव्हा मी आधी सीट उचलून खालचं इंजिन नुसतं ऐकलं. शहाण्यासारखं चालत होतं.

“मग पानी कुठनं गलते, आनंदादादा?” हिरा म्हणाली. “रोज सकाळी खाली थारोळं. सासू इचारते, गाडी बांधलीस का म्हस?”

“दोन दिवस ठेव. शोधतो.”

“दोनच. म्हावरा काय थांबत नाय.” मग आवाज खाली आला. “खरं सांगा. स्वराच्या बाला घेतलं तशी मला घेनार नाय ना ही? पोरीला माझ्याबिगर कोन हाय?”

स्वराचा बाप म्हणजे हिराचा नवरा, नामदेव. दोन वर्षांपूर्वी बोईसरच्या रस्त्यावर हीच गाडी तापली. कडेला उतरून तो तिच्यात पाणी ओतत होता. मागून टँकर आला.

मी मान वर केली नाही. पाइपांच्या क्लिपा तपासत राहिलो.

हल्ली दुपार कलायच्या आतच खांदे उतरतात. तरी एकेक पाइप पिळून पाहिला, पाण्याचा पंप पाहिला. रेडिएटरच्या तोंडाला हवा भरून दाब दिला; काटा तासभर जागचा हलला नाही. इंजिन तर गेल्या वर्षी मीच उघडून बांधलेलं. शेवटी रेडिएटरात आणि त्याच्या बाटलीत हिरवं कूलंट भरलं, खाली कोरडा पुठ्ठा पसरला आणि शटरला कुलूप लावून घरी गेलो.

सकाळी पुठ्ठा चिंब होता. पण त्यावर हिरवा डाग नव्हता, नुसती फिकट झाक. बाटली पाहिली. रिकामी असायला हवी होती, ती काठोकाठ भरली होती आणि वरून सांडत होती.

दिवसभर मी पाणी कुठून जातं ते शोधलं होतं. पाणी जात नव्हतं. येत होतं.

बोट बुडवून जिभेला लावलं. मचूळ. माझ्या नळाला असलं पाणी नाही. किनाऱ्याच्या विहिरींना असतं, हिराच्या शिरगावकडे, वाड्यांमधल्या.

म्हटलं, कुणी खोडी करत असेल. सगळं पाणी काढून टाकलं. रेडिएटरचं आणि बाटलीचं झाकण घट्ट बसवलं, दोन्हींवर पिवळ्या रंगाची बारीक रेघ ओढली. झाकण केसभर जरी फिरलं तरी रेघ तुटणार. पुठ्ठा नवा टाकला.

तिसऱ्या सकाळी सातच्या सुमारास शटर उचललं, तर हिरा आधीच दारात उभी. पुठ्ठा कोरडा होता. रेघा शाबूत होत्या. मला हायसं वाटलं, आणि तेवढ्यात आवाज आला.

कळशी तिरकी केल्यासारखा. गट, गट. मग थांबा. मग पुन्हा.

बाटलीच्या पांढऱ्या प्लास्टिकातून पाणी चढताना दिसत होतं. झाकण बंद. रेघ अखंड.

हिरानं माझी बाही धरली. “थांबून थांबून ओततोय,” ती कुजबुजली. “स्वराचा बा असाच ओतायचा. थेंब सांडू द्यायचा नाय.”

मी झाकणावरच्या रेघेवरून बोट फिरवलं.

“आमी सगल्यांनी त्यालाच बोल लावला, दादा. गाडीकडं बघितलं नाय, आपल्या हातानं मेला म्हनून. मीबी बोलले. तेराव्याला, लोकांसमोर. पोरगी ऐकत व्हती.”

पाणी काठाला आलं. आवाज थांबला. कुणीतरी हातातली कळशी तशीच धरून ऐकत उभं असावं, तसा थांबला.



“त्यानं बघितलं होतं, हिरा,” मी म्हणालो. “आदल्याच आठवड्यात गाडी इथं घेऊन आला होता. इंजिनाचं गॅस्केट गेलं होतं, पाणी आतल्या आत जळत होतं. मला दिसलं होतं. पण दिवसभर खपून मी दमलो होतो, इंजिन उघडायचं जिवावर आलं. म्हणून मीच त्याला सांगितलं, ‘काही झालेलं नाही. रोज सकाळी पाणी टाकत जा.’”