अकरा सावल्या

चर्चमधल्या झुंबराची देखभाल बाबांकडून तिच्याकडे आली, तेव्हा सोबत त्यांची एक खोडही आली. पितळेचं मोठं कडं, त्यावर येशूच्या बारा शिष्यांचे बारा दिवे. ज्याने येशूला पकडून दिलं, त्याचा दिवा मात्र लावायचा नाही. तिथे नुसती रिकामी वाटी. काम झालं की पडदे ओढायचे, कड्याच्या बरोबर खाली उभं राहायचं आणि पायाशी पाकळ्यांसारख्या पसरलेल्या आपल्या सावल्या मोजायच्या. अकरा भरल्या की शिडी आवरायची.

या खेपेला बाबा दवाखान्यात होते. नव्या फादरना झुंबरातला तेवढा अंधार खुपत होता. घरी लेक तापाने फणफणलेली. वाद घालायला वेळ कुणाला होता? एका बल्बने काय आभाळ कोसळणार आहे, म्हणत तिने बारावाही बसवला. खाली उभं राहून मोजलं. अकरा. पुन्हा मोजलं. अकराच. बारावा तर डोळ्यांसमोर जळत होता. बल्ब कमी ताकदीचा असेल, असं म्हणून तिने शिडी मिटली.

संध्याकाळी बाबांनी विचारलं, "त्याची वाटी रिकामी ठेवलीस ना गं?"

"हो बाबा, तुमची शपथ. आता झोपा बघू."

ते झोपले. सकाळी उठलेच नाहीत.

हृदय थकलं होतं, डॉक्टर म्हणाले. शपथेने कुणी मरत नाही, एवढं तिला कळत होतं. 

तरी महिन्याभराने ती लेकीला घेऊन चर्चमध्ये गेली. वायर तपासायची आहे, असं फादरना सांगितलं. हेही खोटंच. बल्ब काढला, वायर तोडली, वाटी फडक्याने पुसली. वाटी गार होती.

पडदे ओढून तिने आधी लेकीला मधल्या फरशीवर उभं केलं. नुकतीच वीसपर्यंत मोजायला शिकलेली लेक खुशीत म्हणाली, "अकरा! आता तू."

ती उभी राहिली. "ठेवली हो बाबा, रिकामी," ती पुटपुटली.

लेक बोट दाखवत तिच्याभोवती फिरली. "दहा, अकरा..." बोट पुढे सरकलं. "बारा."

वर वाटी काळीच होती.

तिने लेकीचा हात धरला आणि मागे न बघता बाहेर पडली. बाहेर लख्ख ऊन होतं. खाली बघायचं नाही, तिने स्वतःला बजावलं.

लेक हात सोडवून मागे रेंगाळली होती. आईच्या पायांमागे बोट नाचवत ती मोजत होती.

"एक... दोन."