अर्ध्या बोटाची फट

ते साल दोन हजार बारा. मी सत्तावन्न वर्षांची होते, लग्न राहून गेलं होतं, आणि तीस वर्षं लोकांच्या घरांचे पडदे शिवून साठवलेल्या पैशांतून मी एक जुनी गाडी घेतली होती. लांबलचक, काळीभोर, कातडी सीटांची, अर्धी पेट्रोलवर आणि अर्धी बॅटरीवर चालणारी. आधी कुणीतरी सहा वर्षं वापरलेली, म्हणून परवडली.

"हत्ती घेतलास," माझा थोरला भाऊ म्हणाला. "आता पोस त्याला."

पण मला ती हवीच होती. दिवसभर शिलाई मशिनच्या खडखडाटात बसणाऱ्या बाईला बटण दाबताच आवाज न करता निघणारी गाडी म्हणजे काय, हे दादाला कुठून कळणार? तेवढीच शांतता माझ्या मालकीची होती.

आठव्या महिन्यात लाल दिवा लागला. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी संगणक जोडला आणि सांगितलं, मोठी बॅटरी गेली. मी सगळे खर्च खिडक्यांत मोजायची. एका खिडकीच्या पडद्यांची शिलाई हे माझं माप. बॅटरी एकशे चाळीस खिडक्यांची निघाली. फोनवर हे ऐकताच दादाने मनोमन गाडी विकूनही टाकली.

तिथून परतताना एका गल्लीत गाडी मंद मंद होत थांबली… ती नेमकी एका गॅरेजसमोर.

आतून साठीचे एक गृहस्थ आले. केस पांढरे, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. गल्लीत सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. त्यांनी बॉनेटला हातही लावला नाही. मागचं दार उघडलं, सीटच्या कडेला असलेल्या बारीक जाळीवर तळहात ठेवला आणि डोळे मिटले. मी त्या हाताकडे पाहत राहिले. जरुरीपेक्षा जास्तच.

"मागच्या सीटवर काय नेता?"

"पडद्यांचे तागे."

"मग बॅटरी गेलेली नाही, बाई. गुदमरलीय. ती इथूनच तर हवा घेते."

जाळीमागचा पंखा त्यांनी सोडवला. त्याला कापडाच्या तंतूंची जाड चकती चिकटलेली होती, थरावर थर. मला राहवलं नाही. हे मोरपंखी दवाखान्याचं, ही मरून मखमल वकीलबाईंच्या दिवाणखान्याची, हा पांढरा पाळणाघराचा, असं मी बोटाने दाखवत गेले. त्यांनी चकती फेकली नाही. कागदात गुंडाळून दोन्ही हातांनी मला दिली.

"आठ महिन्यांचं काम आहे," ते म्हणाले. "टाकू नका."

सफाईचा आकडा ऐकून मी पुटपुटले, "अर्धी खिडकी." म्हणजे काय, हे त्यांनी विचारलं, मी सांगितलं, आणि त्या दिवसापासून ते माझ्याच मापात बोलू लागले. गाडी विकायची नसेल तर तिची दुखणी ऐकून ठेवा, म्हणाले. आतला पाण्याचा पंप या वयात गळतोच; सहा खिडक्या. ब्रेकचा दाब सांभाळणारं यंत्र कुरकुरतंय. आत्ता साफ केलं तर चार, उद्या बदलावं लागलं तर तीस. आणि डिकीत एक छोटी बॅटरी असते. ती उतरली, तर मोठी कितीही ठणठणीत असू दे, दारसुद्धा उघडत नाही.

"एवढीशी ती, आणि केवढा तिचा तोरा," मी म्हणाले.

"तोरा असलेल्यांचंच काम येतं माझ्याकडे." हे गाडीला होतं की मला, कोण जाणे… मी विचारलं नाही.

चार शनिवार काम चाललं. मी स्टुलावर बसून पडद्यांच्या कडा शिवायची, ते गाडीखालून बोलायचे. बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती, एक लेक होती. चौथ्या शनिवारी त्यांनी किल्ली हातात दिली आणि म्हणाले, आता वर्षभर बघायला नको. मी आयुष्यात इतकी वाईट बातमी इतक्या हसऱ्या चेहऱ्याने ऐकली नव्हती.

त्यातच दादाने गाडीला गिऱ्हाईक ठरवलं. गाडी धडधाकट आहे तोवर विकून मोकळी हो, त्याचं म्हणणं. माणूस पुढच्या रविवारी सकाळी दहाला येणार होता. मी नाही म्हटलं. दादाने ते ऐकलं नाही. मग शुक्रवारी दुपारी मी खाली गेले आणि डिकी उघडून परत लावली… पूर्ण नाही. आतला दिवा जळत राहील, पण बघणाऱ्याला दिसणार नाही, इतकीच फट ठेवून.

रविवारी गाडीचं दार काही केल्या उघडेना. गिऱ्हाईक पाच मिनिटं थांबलं, मान हलवून निघून गेलं. दादा माझ्यावर न चिडता गाडीवर चिडला आणि पाणी प्यायला वर गेला. मी मिस्त्रींना फोन केला.

ते आले, रिमोटमध्ये लपलेली बारीक किल्ली काढून दार उघडलं, छोट्या बॅटरीला चार्जर जोडला. मग डिकीच्या कडेवरून एक बोट फिरवलं.

"किंचित उघडी राहिली होती."

"हो."

"चुकून?"

"तीस वर्षं पडदे शिवतेय, मिस्त्री. अर्ध्या बोटाची चूक माझ्याकडून होत नाही."

ते कितीतरी वेळ हात पुसत राहिले. हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

"मग मीही सांगतो," ते म्हणाले. "ते काम एका शनिवारचं होतं."

"आणि बाकीचे तीन?"

"ते… माझे होते."

वरून दादाचा खोकला ऐकू आला. मी घाईने विचारलं, आजच्या किती खिडक्या?

"चार," ते म्हणाले. "माझ्या घराला चार खिडक्या आहेत. नऊ वर्षांत एकीलाही पडदा नाही. कापड तुमच्या पसंतीचं… आणि मग तुम्हालाच तिथं राहून बघावं लागेल, कसं दिसतं ते."

मी मोरपंखी निवडलं. पुढच्या वर्षी आमचं लग्न झालं.

दादा शेवटची दोन वर्षं तपासणीला याच गाडीतून जायचा आणि मागच्या सीटवर गाढ झोपायचा. हत्तीचं नाव पुन्हा निघालं नाही. तो गेला त्याला आता सहा वर्षं झाली. मोठी बॅटरी पाचव्या वर्षी खरोखरच गेली. ह्यांनी फक्त खराब झालेले भाग बदलले, पन्नास खिडक्यांत भागलं. गॅरेज आता लेक चालवते, वडिलांपेक्षा चांगलं. तंतूंची ती चकती माझ्या बटणांच्या डब्यात आहे.

ह्यांना आता कमी ऐकू येतं, पण संध्याकाळी खाली जाऊन डिकी तपासणं चुकत नाही. वर आले की मी विचारते, नीट लागली होती ना?

"नाही," ते म्हणतात. "किंचित उघडी होती."