पालथा पेला

ही गोष्ट दोन हजार तेवीस सालची, दिवाळी उलटून थंडी पडू लागली तेव्हाची. त्या साली चिंचवड स्टेशनच्या अलीकडे, बंद पडलेल्या एका वर्कशॉपच्या शेडमध्ये ‘भोंगा कँटीन’ नावाचं हॉटेल निघालं होतं. जुन्या कारखान्यातलं कँटीन जसं असे, तसं ते मुद्दाम सजवलेलं. भिंतींना कंबरेपर्यंत हिरवा ऑइलपेंट, वर चुना. लांबलचक पत्र्याची टेबलं, दोन्ही बाजूंना बाकं, खाचांची ताटं, स्टीलचे पेले. मिळायचं मात्र आजचंच. वडा घातलेला बर्गर, चीज लावलेला पाव, बटाट्याचे तिखट काप, बाटलीतलं सरबत. ऑर्डर तयार झाली की काउंटरवर एक छोटा भोंगा वाजे आणि पोरं टाळ्या पिटत. कॉलेजच्या पोरांच्या खिशाला परवडेल असं सगळं, त्यामुळे दुपारी पाय ठेवायला जागा नसे.

यशोदाबाईंना तिथं नेलं त्यांच्या नातीनं, वर्षालीनं.

“जिथं आमचा जन्म करपला, तिथं तुम्ही आता हौसेनं जाता होय गं?” असं म्हणत म्हातारी संत तुकाराम नगरातल्या घरातून निघाली. बहात्तरी गाठलेली, पण कपाळावरचं कुंकू रुपयाएवढं आणि पाठ ताठ. सोबत मुलगा निरंजनही आला. तो चाकणच्या एका कंपनीत कामाला. रविवारची सुट्टी होती आणि आईशी बोलायचं होतं.

बोलणं कसलं, ते यशोदाबाईंना ठाऊक होतं. त्यांची बिल्डिंग पाडून नवी उठणार होती. बाकीच्यांची कागदपत्रं झाली होती. हे घर मात्र निरंजनच्या वडिलांच्या नावावर, आणि वडील हयात नाहीत असं आईनं कोर्टात सांगितल्याशिवाय ते पुढे सरकत नव्हतं. एवढंच एक वाक्य यशोदाबाईंनी आजवर तोंडातून काढलं नव्हतं. सून विजयश्री भांडी जरा जोरात आपटू लागली होती. आता तर बिल्डरनं शेवटची मुदत दिली होती. ती उलटली तर सगळी कॉलनी नव्या घरात जाणार आणि हे तिघं-चौघं रस्त्यावर.

यशोदाबाईंचे मालक, ज्योतीराम, ओतकामाच्या कारखान्यात भट्टीवर होते. शहाऐंशी साली एका दुपारी पहिली शिफ्ट संपली आणि ते बाहेर आलेच नाहीत. सायकल स्टँडला होती. घरचे कपडे खुंटीला होते. भट्टीच्या तोंडाशी हातमोजे सापडले, एकावर एक नीट ठेवलेले. गेटवरच्या माणसानं त्यांना जाताना पाहिलं नव्हतं. कुणी म्हणे सुरतेला दिसला, कुणी म्हणे भिवंडीला. निरंजन तेव्हा चार वर्षांचा. कंपनीनं यशोदाबाईंना कँटीनमध्ये पोळ्या लाटायला घेतलं, आणि कंपनी बंद पडेपर्यंत त्यांनी तिथंच पोळ्या लाटल्या.

भोंगा कँटीनमधल्या कोपऱ्यातल्या टेबलाशी बसल्यावर त्यांनी सवयीनं कडेखालून हात फिरवला, आणि हात थांबला. कंपनीच्या कँटीनमध्ये एकदा आमटीचं पातेलं त्यांच्याच हातून निसटून पडलं होतं, त्याचा पोचा तिथं होता. चार बोटं बरोबर मावतील एवढा.

काउंटरवर पूनम नावाची तरतरीत बाई होती. तिनं सांगितलं, ही टेबलं मालकांनी कुदळवाडीच्या भंगारातून उचललीत, कुठल्यातरी बंद कंपनीची.

यशोदाबाईंनी पोच्यात बोटं पुन्हा एकदा बसवून पाहिली. निरंजन घराचं सांगत होता, त्या हूं हूं करत होत्या. आणि ऐकता ऐकता त्यांच्या हातानं एक गोष्ट परस्पर केली. समोरच्या रिकाम्या जागेवरचा पेला उचलला आणि पालथा घातला.

ही त्या कारखान्याची रीत. भट्टीवरच्या माणसाला बदली, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, आल्याशिवाय जागा सोडता येत नसे. बाकीचे भोंगा होताच सुटायचे, भट्टीवाले मागे राहायचे. म्हणून त्यांचे सोबती टेबलावर त्यांचा पेला पालथा घालून जागा धरत. त्या जागेवर कुणी बसायचं नाही. येणाऱ्यानंच आपल्या हातानं पेला सरळ करायचा आणि बसायचं. माणूस मेल्याची बातमी आली, तरच दुसऱ्या कुणी तो सरळ करावा. नाव घेऊन सांगावं की हा आता येणार नाही, पेल्यात पाणी भरावं आणि ते बाहेरच्या लिंबाला घालावं. ज्योतीरामांचा पेला सोबत्यांनी कंपनी बंद होईपर्यंत रोज पालथा घातला. सरळ करायला कुणी धजलं नाही.

भोंगा वाजला. वर्षाली ताटं घेऊन आली ती चार.

“तीनच सांगितले होते,” निरंजन म्हणाला.

वर्षालीनं काउंटरकडे हात केला. पूनम म्हणाली, मागून तुमच्यातल्या काकांनी सांगितलं की, अजून एक वडापाव, पावाचे काठ करपवून द्या म्हणून.

चौथ्या ताटातल्या पावाचे काठ काळे झाले होते. यशोदाबाईंनी तो पाव पाहिला आणि पदर सावरून बसल्या. ज्योतीरामांना पाव तसा लागे. घरी तव्यावर पाव दाबून धरताना त्यांची स्वतःची बोटं कितीदा भाजली होती.

दुसऱ्या दिवसापासून त्या एकट्या जाऊ लागल्या. घरी सांगायच्या, विहारामागच्या इंदुताईंकडे बसायला जाते. दुपारी, शिफ्ट सुटायच्या वेळेला त्या कोपऱ्यातलं टेबल धरत, समोरचा पेला पालथा घालत आणि एक चहा घेऊन बसून राहत. पूनमला म्हातारीचा लळा लागला. “आजी, कुणाची वाट बघता? म्हातारपणी लफडं काय?” असं ती विचारी आणि यशोदाबाई पदरात हसत. किती वर्षांनी त्या अशा हसत होत्या.

पहिल्यांदा वास आला. तळणाच्या, चीजच्या वासातून जळक्या वाळूचा आणि तापल्या लोखंडाचा वास. ज्योतीरामांचे कपडे कितीही धुतले तरी तो जात नसे. मग एक दिवस त्यांनी समोरच्या बाकावर हात ठेवला, तर बाक उबदार होतं. थंडीत पत्र्याचं बाक बर्फासारखं लागतं. शेजारची जागा गार होती, तेवढीच उबदार. पुढे पेल्याच्या बुडावर काळे ठसे दिसू लागले. अंगठ्याचा एक, बोटांचे दोन. पूनम पुसून टाकी, दुसऱ्या दिवशी पुन्हा असत. आणि करपल्या काठाचा पाव न सांगता येऊ लागला. काउंटरवरच्या गर्दीत मागून कुणीतरी सांगतं, पूनम म्हणे. चेहरा नाही दिसत. आवाज घोगरा आहे, धूर गेल्यासारखा.

घरात यशोदाबाईंनी सही करायचं साफ नाकारलं. निरंजन म्हणाला, आई, निदान कारण तरी सांग. त्या म्हणाल्या, कारण दिसेल तुला.

पण मनाला सोबत हवी होती, म्हणून त्यांनी तळेगावला धोंडीबांना निरोप धाडला. धोंडीबा ज्योतीरामांचे जोडीदार, मावळातले. एकाच भट्टीवर दोघं, एक उतरला की दुसरा चढायचा. आता ऐंशीला टेकलेले, तोंडाचं बोळकं झालेलं. लोकलनं आले, काठी टेकत शेडमध्ये शिरले आणि पाट्या वाचून हसले.

“आयला, वैनी, आमच्या घामाचं बी दुकान मांडलं व्हय ह्यांनी.”

पूनमला त्यांनी सांगितलं, पाव मऊ दे गं बाय, दात न्हाईत. आन् मीठ लावल्याली मिरची. दात नसताना मिरची कशाला, असं पूनमनं विचारलं तर म्हणाले, चोखायला. पाव चहात बुडवून खाता खाता त्यांनी टेबलावरून हात फिरवला, आणि मग त्यांचं लक्ष पालथ्या पेल्याकडे गेलं. चहाचा कप त्यांनी हळूच खाली ठेवला. नाकानं हवा ओढली.

“कवापास्नं?” त्यांनी विचारलं.

यशोदाबाईंनी सगळं सांगितलं. सांगताना त्यांचा चेहरा नव्या नवरीसारखा झाला होता. धोंडीबा मान खाली घालून ऐकत राहिले.

“सरळ करा त्यो, वैनी. आजच करा.”

“तुम्ही त्यांच्या लाईनीतले. करायचा तर तुम्ही करा.”

“माझ्या हातानं न्हाई व्हायचं. त्या दिशी बदली मी व्हतो. सायबानं मला भलतीकडं धाडलं, आन् माझ्या जागी दुसरं कुणी आलंच न्हाई. मी अजून त्याला बदली द्यायचा हाय.” ते थांबले. “तुमी जागा धरलीया, त्यो यील बी. पर भट्टी रिकामी सोडून न्हाई यायचा. तसा माणूसच न्हवता. आधी कुणीतरी जावं लागंल.”

“जाईल कुणीतरी,” यशोदाबाई म्हणाल्या. “इतकी वर्षं झाली. कुणी का जाईना, मला ते हवेत.”

धोंडीबा उठले. काठी घेतली. जाताना त्या रिकाम्या जागेपुढे क्षणभर उभे राहिले आणि कारखान्यात जसं एकमेकांना करत, तसा कपाळाशी हात नेऊन सलाम करून गेले.

दुसऱ्या दिवशी यशोदाबाई नेहमीसारख्या गेल्या. पेला पालथा घातला. वास त्या दिवशी फार होता, डोळ्यांना झोंबेल इतका. शेजारच्या टेबलावरची पोरं मात्र आपली खात होती, मोबाइलवर एकमेकांना काहीबाही दाखवत होती.

पूनम टेबलापाशी आली. “आजी, काकांनी विचारलंय,” ती म्हणाली, “बदली आला का?”

यशोदाबाईंनी दाराकडे पाहिलं.

निरंजन आत येत होता. चाकणहून पहिली शिफ्ट करून थेट आलेला. अंगावर कंपनीचा निळा शर्ट, छातीवर ओळखपत्र. वर्षालीनं त्याला सांगितलं होतं आजी कुठं जाते ते. तो रागावलेला नव्हता. दमलेला होता, आणि हसत होता. चालताना उजवा खांदा किंचित पाडून चालत होता, बापासारखा. हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

“माझ्यासाठी जागा धरलीस होय?” तो म्हणाला.

काउंटरवरचा भोंगा वाजला. पण तो छोटा पिपाणीसारखा आवाज नव्हता. खोल, लांब, जमिनीतून वर येणारा. टेबलाचा पत्रा त्यांच्या मनगटाखाली थरथरत होता. पोरांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. कुणी मान वर केली नाही.

निरंजननं एक पाय बाकाच्या पलीकडे टाकला.

बाक उबदार लागलं असावं, कारण तो जरा थबकला.

मग त्यानं पेल्याकडे हात नेला.

यशोदाबाईंनी त्याच्या आधी पेला धरला. हात पोळला. सोडला नाही. सरळ करून टेबलावर ठेवला.

उभ्या जन्मात त्यांनी नवऱ्याचं नाव तोंडानं घेतलं नव्हतं.

“ज्योतीराम आता येणार नाहीत,” त्या म्हणाल्या.

जगमधलं पाणी पेल्यात ओतलं. चर्र झालं. थोडी वाफ वर आली.

भोंगा मध्येच तुटला.

“आई, हात बघू,” निरंजन म्हणत होता. त्यांनी त्याला दंडाला धरून बाकावरून उठवलं, लहान पोराला उठवावं तसं. मग पेला घेऊन बाहेर गेल्या आणि दारातल्या लिंबाच्या बुंध्याशी पाणी घातलं. रिक्षात बसल्यावर पदराच्या टोकानं कपाळ पुसलं. लेकाला एवढंच म्हणाल्या, उद्या जाऊ कोर्टात.

घराचं काम झालं. निरंजन आणि विजयश्री आता नव्या बिल्डिंगमध्ये राहतात, वरच्या मजल्यावर. निरंजनची शिफ्ट चालूच आहे. बदली यायला उशीर झाला की तो घरी फोन करतो, आईनं घातलेला तो दंडक आहे. वर्षाली हिंजवडीला नोकरीला लागली. यशोदाबाईंच्या तळहातावर पेल्याच्या कडेचा अर्धगोल वण राहिला. त्या बाहेर कुठं खात नाहीत, आणि घरातले पेले धुऊन सगळे उताणे ठेवायला लावतात, पाणी निथळलं नाही तरी चालेल.

धोंडीबांचं मात्र वाईट झालं. ज्या दुपारी यशोदाबाईंनी पेला सरळ केला, त्याच दुपारी त्यांनी माळ्यावरून जुना डबा काढला, सुनेला म्हणाले, दुसऱ्या शिफ्टला चाललोय, बदली द्यायचीय. म्हाताऱ्याला भ्रम झाला असं तिला वाटलं, ती चप्पल घालून मागे जाईपर्यंत ते दिसेनासे झाले. तळेगाव स्टेशनवर त्यांची काठी सापडली, भिंतीला नीट टेकवून ठेवलेली. बाकी काही नाही. घरच्यांनी अजून दिवस घातलेले नाहीत. वाट बघतात.

भोंगा कँटीन जोरात चालतं. मागच्या महिन्यात वर्षाली मैत्रिणींबरोबर तिथं गेली होती. पूनमनं आजीची चौकशी केली आणि म्हणाली, ते काका अजून येतात बरं का, दुपारी, मागून ऑर्डर सांगतात. पण हल्ली त्यांचं बदललंय. काठ करपवू नका म्हणतात, मऊच द्या.

“दात नाहीत म्हणे,” पूनम म्हणाली. “तरी मिरची मागतात.”