भिंतीआडचं गरम पाणी

न्यूमोनियाने सुनेला पार पिळून काढलं होतं. गार पाण्याला हातसुद्धा लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि घरातला शॉवर नेमका गारठलेला. स्वयंपाकघराच्या नळाला चटका बसेल असं पाणी, शॉवरला मात्र बर्फ. लग्न होऊन या घरात आल्यापासून ती हेच बघत होती. नवरा "बघतो, बघतो" म्हणत कामावर निघून जायचा. सासूबाई म्हणायच्या, "शॉवर कशाला हवा? बादलीभर तापवून देते की."

शेवटी एका दुपारी तिनेच प्लंबरला बोलावलं.

प्लंबर बोलघेवडा. हात चालेल तसं तोंडही चालायचं. गिझर ठणठणीत होता, शॉवरचा गरम-गार पाण्याचा मिक्सर उघडून पाहिला, तोही बरा निघाला.

"मग पाणी मुरतंय कुठे?" असं पुटपुटत तो भिंतीवरून हात फिरवत गेला आणि एके जागी थांबला. "वहिनी, इथे हात लावून बघा."

टाइल चांगली गरम होती. आजारी माणसाच्या कपाळासारखी.

त्याने ती टाइल फोडली. आत मुख्य पाइपाला जोड देऊन दुसरा पाइप काढलेला होता आणि तो सरळ भिंतीच्या पलीकडे गेला होता. त्या भगदाडातून ओलसर वाफ आली, साबणाचा वास आला. प्लंबरने कान लावला आणि त्याचं तोंड पहिल्यांदाच बंद झालं.

"काय हो?"

"पलीकडे... कुणीतरी शॉवर घेतंय."

तिनेही ऐकलं. पाणी एकसारखं पडत नव्हतं. खाली उभं राहून कुणी अंग वळवावं, तशी धार मधूनच तुटत होती.

"त्याला हात लावू नका."

दोघंही दचकले. सासूबाई दारात उभ्या होत्या.

"तिकडे दुसरी बाथरूम होती," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "माझी लेक तिथेच पाय घसरून पडली. ह्यांनी दाराच्या जागी भिंत घालून टाकली..."

नणंद लहान वयात गेली, एवढंच सुनेला ठाऊक होतं. "आणि पाणी तसंच चालू ठेवलंत, आई?"

"तिला गार पाणी सोसत नव्हतं गं."

प्लंबर उसनं हसला. "जुना कॉक उघडा राहिला असेल, आजी. असंच पाणी मुरत राहिलं तर घर खचेल एक दिवस." त्याने सुनेकडे पाहिलं. सुनेला खोकल्याची उबळ आली होती. बोलता येईना, म्हणून तिने नुसती मान डोलावली.

त्याने पाइप कापून टोपण बसवलं. पलीकडचा आवाज अडखळला, मग थांबला. भिंत अशी गप्प झाली की तिघांचे श्वास ऐकू येऊ लागले. प्लंबरने हत्यारं पिशवीत कोंबली आणि चहालाही न थांबता तो गेला.

"आता ती कुठे जाईल?" सासूबाईंनी विचारलं. कुणाला, कोण जाणे.

सुनेने आतून कडी घातली आणि नळ फिरवला. पाणी आलं, कढत, भरपूर. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. कितीतरी दिवसांनी हाडांना ऊब मिळत होती. तिने डोळे मिटून तोंडाला साबण लावला.

"सरक ना जरा..."

अगदी कानाशी. लाडिक, कुडकुडलेला आवाज. आणि घरच्या माणसाने म्हटल्यावर आपण सरकतो तशी ती सरकलीही.

मग तिला भान आलं. साबण झोंबत असतानाच तिने डोळे उघडले. चाचपडत नळ बंद केला. शॉवर थांबला. पण तिच्यापासून हातभर अंतरावर थेंब पडतच होते. रिकाम्या हवेतून, ओल्या केसांतून निथळावेत तसे. टप... टप...

ते थेंब हळूहळू दाराकडे सरकले. भिंतीला चिकटून ती नुसती बघत राहिली. कडी घातलेलीच होती. दाराशी शेवटचा थेंब पडला आणि मग काहीच नाही.

बाहेर खुर्ची ओढल्याचा आवाज झाला. पाठोपाठ सासूबाईंचा आवाज, तिने कधीच ऐकला नव्हता इतका मऊ...

"आलीस? बस इथे. केस पुसून देते."