मधनं उघडून बघ

पावणं, बसा निवांत. चहा येतोय तवर सांगतो. खोटं वाटलं तर सोडून द्या, माझं काय म्हणणं न्हाय.

रक्तदात्यांच्या यादीची आमची एक साइट हाय. जिल्ह्यात कुणाला रक्त लागलं की साइट उघडायची, गट टाकायचा, दात्याचं नाव आणि नंबर समोर. ती चालू हाय का बघायचं काम बादशहाचाचांनी आपणहून घेतलंतं. आमच्या हापिसाखाली त्यांचं पुस्तकं बांधायचं दुकान. खळीनं चिकट झालेल्या बोटांनीच दर तासाला फोनवर यादी उघडायचे, एखादा गट शोधून बघायचे. मी हसायचो. ते म्हणायचे, पुठ्ठा काय कुणीबी बघतंय, पुस्तक मधनं उघडून बघावं.

गेल्या दिवाळीआधी चाचा गेले. दुकानाला कुलूप लागलं. मग मी एक स्क्रिप्ट, म्हंजी छोटा प्रोग्रॅम, लिहिली. दर पाच मिनटाला ती आपोआप साइट उघडणार, न्हाय उघडली तर माझ्या फोनवर निरोप धाडणार. झालं काम, म्हटलं. आपल्यासारखा शहाणा आपणच.

एप्रिलातली भर दुपार हुती. हापिसात एकटाच डबा सोडून बसलोतो. लाइट गेली. पंखा गरगरत गरगरत थांबला आणि एवढं सामसूम झालं की माझं चावणं मला ऐकू यायला लागलं. तेवढ्यात जिन्यावरनं वास आला. ताज्या खळीचा, गरम गरम. सहा महिनं बंद दुकानात खळ शिजवणार कोण? मग खाली कोणतरी पानं चाळायला लागलं. सावकाश... एकेक... आणि थांबलं. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

फोन थरथरला. स्क्रिप्टचा निरोप, माझं नाव घेऊन.

"विश्वजित... मधनं उघड..."

साइट उघडली. पयलं पान ठणठणीत. आतली यादी उघडली तर कोरी, एक नाव न्हाय. माझी शहाणी स्क्रिप्ट नुसतं पयलं पान बघून सकाळपासनं सगळं ठीक म्हणत हुती. तसाच लॅपटॉप वढला आणि अडकलेली यादी परत चालू केली.

त्या टायमाला काय घडत हुतं ते सांजंला कळलं. चंदगडच्या ज्ञानूतात्यांची सून संयोगिता कोल्हापुरातच एका दवाखान्यात बाळंत झालती आणि रक्त थांबत नव्हतं. ओ निगेटिव्ह कुठं मिळंना. तात्या नऊ वाजल्यापासनं आमची साइट उघडत हुते, यादी कोरीच. दुपारी एकदम नावं दिसली. कागलचा एक माणूस अर्ध्या तासात पोचला. माय वाचली, लेकही वाचली.

तात्या फोनवर म्हणाले, "पावणं, तुमचं उपकार फिटायचं न्हाईत."

"माझं न्हवं ते," एवढंच म्हणालो आणि मला रडू फुटलं.

रात्री स्क्रिप्ट काढून बघितली. तिच्यात दोनच निरोप लिहिलेले, साइट बंद आणि साइट सुरू. तिनं त्या दिवशी काय धाडल्याची नोंदच न्हाय. पण साइट कोण कवा उघडतंय त्याच्या नोंदीत, आदल्या सांजंपासनं दर तासाला कुणीतरी ओ निगेटिव्ह शोधत हुतं. संयोगिताच्या कळा तर दुसऱ्या दिवशी पहाटं सुरू झालत्या.

आता स्क्रिप्ट आतली यादीबी तपासत्या. दर जुम्म्याला चाचांच्या कबरीवर फुलं ठेवून येतो. भ्या वाटतं, न्हाय म्हणत न्हाय. पण मेल्यावरबी कोण एवढी काळजी करतंय? नशीब लागतं त्याला, खरंच सांगतो.

ह्या सोमवारपासनं यादीत परत दर तासाला शोध चाललाय. एबी निगेटिव्ह. अख्ख्या यादीत त्या गटाची चारच माणसं. तिघांना फोन करून ठेवलाय, आठवडाभर गाव सोडू नका म्हणून.

चौथा मी हाय. रक्त माझं लागणार का मला लागणार, ते चाचांनाच ठावं.