आवक क्रमांक दोनशे चौदा

सात महिने एका पत्राला मी उत्तर दिलं नाही. विसरलो असतो, तर माफी तरी मागता आली असती. पण ते मला तोंडपाठ होतं.

पत्र आमच्या दवाखान्यातल्या सिस्टरचं. मी तिथला नोंदणी कारकून. ती नुकतीच बदलून आली होती तेव्हाची गोष्ट... रजिस्टर छातीशी धरून मी रक्तदाब तपासणीच्या टेबलापुढून निघालो, तर तिनं वाट अडवली.

"अख्ख्या गावाची नोंद ठेवता. स्वतःची?"

"मला काही होत नाही."

"असं म्हणणारेच आमचं गिऱ्हाईक. बसा."

तिनं दंडाला पट्टा बांधला. "जास्त आहे." पुन्हा मोजला. "अगंबाई, आणखी वाढला! इकडे काय बघताय? भिंतीकडे बघा."

भिंतीवर मीच सुबक अक्षरात लिहिलेला तक्ता होता – रोग येण्याआधी अडवा. आलाच तर लवकर ओळखा. मुरला तर पुढचं नुकसान टाळा.

"आता बरोबर आला. म्हणजे भिंतीकडे पाहिलं की उतरतो," पट्टा सोडताना ती हसली, "आणि माझ्याकडे पाहिलं की –"

मी रजिस्टर उचलून पळ काढला.

"एकदा मोजून भागत नाही हो! दर मंगळवारी यायचं!" ती मागून ओरडली.

चार वर्षं मंगळवार चुकवला नाही. मी तिला कादंबऱ्या द्यायचो, ती शेरा मारून परत करायची.

"तुमचा नायक फार वेळ लावतो."

"त्याची... काही कारणं असतील."

"असतील की. पण तोवर नायिकेचे केस पांढरे झाले, त्याचं काय?"

मी भिंतीकडे पाहिलं.

ती निवृत्त होऊन वडिलांच्या जुन्या घरी राहायला गेली. मग ते पत्र आलं –

'पहिली पायरी आपली चुकलीच. वेळीच अडवायचं सोडून मी खुर्ची पुढे केली. लक्षणं लवकर ओळखली, पण बोलले नाही. आता दुखणं मुरलंय. पुढचं नुकसान टाळायचं, तर माझ्यासोबत राहायला या. नाहीतर स्पष्ट नाही म्हणा, मी नर्स आहे, ऐकून घेईन. वर्षअखेरपर्यंत वाट पाहीन. मग घर आवरून कायमची भाचीकडे जाईन.'

किती कच्चे मसुदे केले! माझ्यासारख्या बुजऱ्या, जिना चढताना धापा टाकणाऱ्या माणसात तिनं काय पाहिलं? उद्या लिहू, परवा लिहू...

घोळ असा, की पत्र दवाखान्याच्या पत्त्यावर आलं आणि तीस वर्षांच्या सवयीनं मी त्यावर 'आवक'चा शिक्का मारला. परवा, वर्ष सरायला दहा दिवस असताना, आमच्या तरुण डॉक्टरीणबाई दप्तर तपासायला बसल्या.

"काका, दोनशे चौदाला उत्तर गेलेलं नाही."

माझे कान तापले. "ते... खाजगी आहे."

"खाजगी पत्रावर शिक्का? वर तुमची सही!"

"चुकून मारला गेला. वाचलंत?"

"सिस्टरचं अक्षर दिसलं आणि घडी घातली. पण उत्तर का नाही दिलंत?"

"मी त्यांना काय देणार? उद्या आजारीच पडलो तर –"

"काका, त्यांनी जन्मभर आजारी माणसंच पाहिली. तुमचा रक्तदाब तुमच्यापेक्षा त्यांना जास्त माहीत. त्यांनी विचार करून विचारलंय ना? मग त्यांच्या वतीनं तुम्ही नकार कशाला देताय?"

इतके दिवस ज्याला विनय समजत होतो, तो तिच्या शहाणपणावरचा अविश्वास होता.

मसुदा केला नाही. उभ्या उभ्या काउंटरवरच लिहिलं – 'शुक्रवारी निवृत्त होतोय. रविवारी पहिल्या गाडीनं येतो, राहायला. भीती वाटते. तीही सोबत आणतोय, कुठे ठेवायची ते तुम्ही सांगा.'

पुन्हा वाचलं असतं, तर फाडलं असतं. म्हणून वाचलं नाही. रस्ता ओलांडला आणि दुपारची डाक निघायच्या आत ते पेटीत टाकलं.